परक्यांच्या वृत्तपत्रांतला गोवा आणि त्रिस्तांव कुन्हा

बेळगावहून बागलकोटच्या रस्त्याने निघाले की दहाएक किलोमीटरवर सांबरा लागते. विमानाने ये-जा करणाऱ्या मंडळींना हे नाव परिचयाचे आहे. इतरांना ते ठाऊक असण्याचे फारसे कारण नाही. १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिश हवाई दलाने येथे धावपट्टी बांधली. पुढे ती आपल्या हवाई दलाकडे आली, आणि १८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी याच धावपट्टीवरून सहा हंटर विमाने गोव्याच्या रोखाने उडाली. माझी एक मावसबहीण सांबऱ्यास दिली आहे. तिच्या सासूबाई त्या वेळी परकरी पोर होत्या. त्या दिवशीच्या आवाजाने गोठ्यातली म्हैस दावे तोडून पळाली, एवढेच त्यांच्या ध्यानात राहिले आहे. पण ते त्या आजही हातवारे करून सांगतात.

या विमानांना नेमून दिलेले लक्ष्य कोणते होते, हे मात्र गावात थोड्यांना माहीत असेल. ते फौजेची छावणी नव्हते, की दारूगोळ्याचे कोठार नव्हते. पणजीजवळच्या बांबोळी येथील बिनतारी केंद्र त्यांनी अग्निबाणांनी निकामी केले. दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकण्याचे काम पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांकडे होते. सांबऱ्याच्या वाट्याला आला तो गोव्याचा आवाज. लष्करी हिशेब सरळ होता: गोव्याचे लिस्बनशी बोलणे बंद पाडायचे. परंतु आवाजावरच ज्याचे पोट चालते अशा माझ्यासारख्या गाणाऱ्याला त्यात आणखी काही दिसते. हाच आवाज हातात तोफ नसताना, नुसत्या कागदाने आणि शाईने, तीस-पस्तीस वर्षे खोडून काढू पाहणारा एक गृहस्थ होऊन गेला होता. त्या दिवशी तो हयात नव्हता. त्याला जाऊन तीन वर्षे होऊन गेली होती.

त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा हे त्याचे नाव. गोव्यात त्यांना गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक म्हणतात. आपल्या करवीरात मात्र राममनोहर लोहिया सर्वांना माहीत आणि कुन्हा फारसे कोणास माहीत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

त्यांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी सासष्टीतल्या चांदोर गावी, सुखवस्तू ख्रिस्ती घराण्यात झाला. पोर्तुगीज अमदानीत नांदणारी, घरात पोर्तुगीज बोलणारी, पाश्चात्त्य वाद्ये वाजवणारी अशी जी मोजकी घराणी होती, त्यांतलेच हे एक. गोव्याचे थोर पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा हे त्यांच्या नात्यातले. अशा घरातल्या मुलाने लिस्बनला किंवा कोईंब्राला जाऊन वकील अथवा डॉक्टर होऊन परत यावे, ही रीत होती. कुन्हांनी ती मोडली. पणजीतले शिक्षण आटोपून ते फ्रेंचांच्या पाँडेचरीस गेले आणि तेथून पॅरिसला सोर्बोन विद्यापीठात. विद्युत अभियांत्रिकी हा त्यांचा विषय. पुढच्या आयुष्यात तारा-दिव्यांपेक्षा छापखान्याशीच त्यांचा संबंध अधिक आला, ती गोष्ट निराळी.

पॅरिसमधल्या वर्षांनीच हा माणूस घडवला, असे माझे मत आहे. त्या काळी जगाच्या बातम्यांची वाटणी झालेली होती, हे वाचकांनी ध्यानात घेतले पाहिजे. १८७० पासून इंग्रजांची रॉयटर, फ्रेंचांची हावास आणि जर्मनांची वोल्फ या तीन वृत्तसंस्थांनी एखाद्या इनामासारखी पृथ्वी आपसांत वाटून घेतली होती. ब्रिटिश साम्राज्य रॉयटरकडे. फ्रान्सच्या वसाहती, स्पेन आणि पोर्तुगाल हावासकडे. म्हणजे पंजाबात गोळी चालली तर पॅरिसच्या वाचकाला ती कळायची ती रॉयटरच्या तारेने, लंडनच्या नजरेतून. पोर्तुगालबद्दलचे वृत्त निघायचे ते लिस्बनहून. मधल्या माणसांना, म्हणजे ज्यांच्याविषयी बातमी आहे त्यांना, तोंडच नव्हते. जालियनवाला बागेनंतरच्या वर्षांत कुन्हांनी फ्रेंच भाषेत हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याविषयी लिहावयास आरंभ केला. ‘ल्युमानिते’ आणि ‘क्लार्ते’ यांसारख्या डाव्या विचारांच्या पत्रांनी त्यांना जागा दिली. पोर्तुगालचा प्रजाजन, फ्रान्सच्या राजधानीत, इंग्रजांच्या अमलाखालील देशाची बाजू फ्रेंचांना समजावून सांगतो आहे, हा प्रकारच त्या काळी नवलाचा होता. गोवा हा भारताचाच भाग, ही त्यांची समजूत पुढच्या भांडणात घडलेली नव्हे. ती पॅरिसहूनच त्यांनी बरोबर आणली.

१९२६ साली ते परतले. तेच वर्ष पोर्तुगालमध्ये लष्करी उठावाचे. त्यातून पुढे सालाझारची सत्ता आली, आणि गोव्यातल्या वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली. १९०० पासून दैनिक चालवणारा, स्वतःच्या विद्वत्तेचा अभिमान बाळगणारा हा प्रदेश. तेथे सरकारी माणसाची निळी पेन्सिल फिरल्यावाचून काही छापता येईनासे झाले. लग्नाच्या पत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी दाखवाव्या लागत! लिस्बनमध्ये १९३३ साली राष्ट्रीय प्रचाराचे स्वतंत्र खातेच उघडले गेले, आणि त्यावर अंतोनियो फेरो या मुरलेल्या पत्रकाराची नेमणूक झाली. आत बोलणाऱ्यांची तोंडे बांधावयाची आणि बाहेर आपणच बोलावयाचे, असा तो दुहेरी बंदोबस्त होता. परदेशी बातमीदार आला तर त्याला भेटायला गोव्यात सरकारी पाहुणचार होता. दुसरे काही वाचायला मिळण्याची सोय नव्हती.

कुन्हांनी १९२८ साली गोवा काँग्रेस समिती स्थापन केली. त्याच वर्षी कलकत्त्याच्या अधिवेशनात राष्ट्रीय सभेने तिला आपल्या छत्राखाली घेतले. परंतु सभा-मिरवणुका हा त्यांचा पिंड नव्हता. वक्ता म्हणून त्यांची ख्याती नाही. ते पत्रके लिहीत, आणि ती इंग्रजीत व फ्रेंचमध्येही लिहीत. कारण वाचणारा सीमेपलीकडचा असावयास हवा होता. गोव्यातल्या गरीब कुणब्यांना भुलवून आसामच्या चहाच्या मळ्यांवर नेले जाई. त्या व्यवहाराचा त्यांनी बाहेर बोभाटा केला. ‘फोर हंड्रेड इयर्स ऑफ फॉरेन रूल’ या पुस्तिकेत त्यांनी चारशे वर्षांच्या राज्याचा जमाखर्च मांडला. त्यांचे लेखन कोरडे आहे, हेही सांगून टाकतो. अलंकार नाहीत, हुंदका नाही. गाण्याच्या भाषेत सांगायचे तर ठाय लयीतली नोमतोम, तानेची घाई कोठे नाही. म्हणूनच ते परक्यांना पटण्याजोगे होते, असे मला वाटते.

१९४४ साली त्यांची ‘डीनॅशनलायझेशन ऑफ गोअन्स’ ही पुस्तिका निघाली. हे त्यांचे सर्वांत गाजलेले लेखन, आणि माझ्या मते सर्वांत जिव्हारी लागणारेही. गोवेकराचे राष्ट्रपण कसे काढून घेतले गेले, हा तिचा विषय. वाचताना मला एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. परक्याने काढलेले आपले चित्र केवळ परक्यांच्या दिवाणखान्यात लागत नाही. काही काळाने ते आपल्याच घरात येऊन भिंतीवर चढते, आणि आपण त्यात पाहून भांग पाडू लागतो. कुन्हांचा राग लिस्बनवर होताच. पण त्याहून अधिक तो आपल्याच वर्गातल्या, म्हणजे पोर्तुगीज वळणाने सजलेल्या, गोवेकरांवर होता.

हे आपल्यालाही नवे नाही. केसरबाई केरकर या गोव्यातल्या केरी गावच्या. आपल्या करवीर दरबाराचे गायक अल्लादियाखाँसाहेब यांची तालीम त्यांनी घेतली. मोगूबाई कुर्डीकरही गोव्याच्याच आणि त्याच गुरूच्या शिष्या. माझे वडील संस्थानाच्या अखेरच्या वर्षांत राजवाड्यावर गाण्याच्या नोकरीत होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा, त्यामुळे या नावांवरच वाढलो. पण माझ्या आजच्या विद्यार्थ्यांना केसरबाईंबद्दल कुतूहल वाटते ते कशामुळे? अमेरिकनांनी १९७७ साली व्हॉयेजर यानातून जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात पाठवली, तीत त्यांची भैरवी आहे म्हणून! घराण्याने जे सांगितले ते ऐकू आले नाही. परदेशच्या बातमीने सांगितले ते ऐकू आले. असो.

१८ जून १९४६ रोजी मडगावला लोहियांनी कायदेभंगाची हाक दिली आणि गोवा जागा झाला. जुलैमध्ये कुन्हांना धरले. आग्वादच्या किल्ल्यातल्या अंधाऱ्या, दमट कोठडीत ठेवून त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालवला आणि आठ वर्षांची शिक्षा ठोठावून त्यांना पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. त्या वेळी त्यांचे वय पंचावन्न. सालाझारचे पोर्तुगीज विरोधकही तेथेच असत. ज्यांच्या राजवटीविरुद्ध कुन्हा लढत होते, त्यांचेच देशबांधव शेजारच्या कोठडीत, ही गोष्ट जगापुढे यावयास हवी होती. ती आली नाही. १९५० साली त्यांची सुटका झाली खरी, पण देश सोडण्याची मोकळीक नव्हती. अखेर १९५३ साली ते निसटून पॅरिसला पोहोचले आणि त्याच वर्षी मुंबईस आले.

ते तुरुंगात असताना जग पालटले होते. इंग्रज गेले होते. भारत स्वतंत्र झाला होता. आणि वसाहत हा शब्द ओंगळ ठरू लागला होता. लिस्बनने त्यावर साधा तोडगा काढला. १९५१ साली राज्यघटनेत दुरुस्ती करून वसाहतींचे नाव सागरपार प्रांत असे ठेवले. वसाहतच नाही, मग स्वातंत्र्य कोणाला द्यावयाचे? या नव्या नावाला साजेसे चित्रही हवे होते. ब्राझीलचे ख्यातनाम समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेइर यांना सरकारी पाहुणे म्हणून पोर्तुगीज प्रदेशांतून फिरवण्यात आले. १९५१ च्या अखेरीस ते गोव्यात होते. पोर्तुगीज माणूस उष्ण प्रदेशातल्या लोकांत सहज मिसळून जातो, या त्यांच्या सिद्धान्ताचा लिस्बनने पुढे पुरेपूर वापर केला. १९५२ च्या डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन होते, त्या निमित्ताने इंग्रज कादंबरीकार इव्हलिन वॉ गोव्यात आले आणि त्यांनी परदेशी नियतकालिकांतून त्यावर लिहिले. वॉ हे श्रद्धाळू कॅथलिक; त्यांना जे दिसले ते त्यांनी लिहिले, यात त्यांना दोष देता येणार नाही. दोष आहे तो एवढाच की पाहुण्यांना जेथे नेण्यात येई तेथे चर्चच्या पांढऱ्या भिंती होत्या, मांडवीचे पाणी होते, आणि बाजारात परदेशी घड्याळे, मद्ये व चीजचे डबे होते. १९५५ नंतर भारताने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा तर हा बाजार आणखीच सजला. जपान आणि जर्मनीकडे जाणाऱ्या लोहखनिजाचा पैसा त्यामागे होता.

म्हाळसा आणि मंगेशाच्या देवळांतला चौघडा त्या बातम्यांत नव्हता. गोव्यात निम्म्याहून अधिक प्रजा हिंदू होती, आणि ख्रिस्ती काय, हिंदू काय, घरात बहुतेकांची बोली कोंकणीच होती. परदेशी वाचकाला हे सांगितले तर त्याला ते खोटे वाटले असते. दीनानाथ मंगेशकरांचा, केसरबाईंचा, मोगूबाईंचा गोवा जगाच्या हिशेबी नव्हताच. आपल्या बाजूलाही रेडिओवर गोव्याचे केंद्र, एमिसोरा द गोवा, ऐकू येई. वडील सांगत की त्यावर पाश्चात्त्य वाद्यवृंद फार सुरेख लागे. माणूस राज्यकर्त्यांवर रागावलेला असला तरी कान ते सूर ऐकतातच. प्रचाराची खरी ताकद येथे आहे. ओरडणाऱ्या प्रचारापेक्षा गोड गाणारा प्रचार खोडून काढणे कठीण.

मुंबईत आल्यावर कुन्हांनी ‘फ्री गोवा’ हे इंग्रजी पत्र सुरू केले. वय साठीच्या पुढे, प्रकृती तुरुंगाने खाल्लेली. पत्र लहान, लिस्बनकडे तोपर्यंत प्रचारखात्याच्या जोडीला, सागरपार प्रांतांच्या बातम्यांसाठी १९४४ साली निघालेली लुसितानिया ही वृत्तसंस्था होती. तरीही लिस्बनच्या प्रत्येक विधानाला आकड्याने आणि कागदाने उत्तर देण्याचा क्रम त्यांनी सोडला नाही. प्रांत म्हणता, तर प्रांतातल्या लोकांना लिस्बनच्या लोकांएवढे तरी हक्क आहेत काय? आणि लिस्बनच्या लोकांना तरी कोणते आहेत? असा त्यांचा रोख असे.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गोव्यात शिरले. बेळगाव, सावंतवाडी, बांदे ही गावे त्या दिवसांत सत्याग्रह्यांनी भरून गेली होती. पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. वीसहून अधिक माणसे मेली. परदेशी बातमीदारांच्या समोरच हे घडले आणि काही दिवस जगाच्या वृत्तपत्रांत त्याला जागाही मिळाली. कुन्हा जे पंचवीस वर्षे लिहीत होते, ते एका दिवसात छायाचित्रांतून दिसले. पण छायाचित्राचे आयुष्य थोडे असते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पावलो कुन्हा यांनी संयुक्त पत्रक काढले. त्यात पूर्वेकडील पोर्तुगीज प्रदेशांचा प्रांत म्हणूनच उल्लेख आला. आडनाव तेच; एक कुन्हा वॉशिंग्टनमध्ये, दुसरा मुंबईच्या एका लहानशा कचेरीत! भारतभर संताप झाला. परंतु अमेरिकन वाचकाला त्या एका शब्दात काय आहे, हे कोणी समजावून सांगितले?

त्याच सुमारास, नोव्हेंबर १९५५ मध्ये, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघा तरुणांनी आंबोलीच्या जंगलातून गुप्त नभोवाणी सुरू केली. पुढे ती कॅसलरॉकच्या रानात गेली. कोंकणी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांतून सहा वर्षे ती रोज बोलत होती. एमिसोराच्या गोड आवाजाला हा खरखरीत आवाज उत्तर देई. परदेशांतल्या वृत्तपत्रांत सालाझारविरुद्ध जे छापून येई, ते गोव्याच्या आत पोहोचवणे हे तिचे मोठे काम. कुन्हा आतले बाहेर सांगत होते, आणि ही नभोवाणी बाहेरचे आत.

२६ सप्टेंबर १९५८ रोजी कुन्हा मुंबईत वारले. पुढल्या वर्षी जागतिक शांतता परिषदेने स्टॉकहोममध्ये त्यांना मरणोत्तर सुवर्णपदक दिले. ‘फ्री गोवा’चे काम त्यांची भाची बेर्ता द मिनेझिस ब्रागांझा यांनी पुढे चालवले. आणि कागदावरच्या या कामाला फळ आलेच नाही असे नव्हे: १५ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पोर्तुगालच्या ताब्यातील प्रदेश हे स्वयंशासित नाहीत, असे ठरवून त्यांची यादीच केली. त्या यादीत गोवा होता. प्रांत या शब्दाचे सोंग तेथे गळून पडले.

बरोबर एक वर्षाने सांबऱ्याची विमाने उडाली. १९ डिसेंबरच्या रात्री गव्हर्नर-जनरल वासालो इ सिल्वा शरण आले. दोन्ही बाजूंचे मिळून पन्नासांच्या आसपास लोक कामी आले. लिस्बनची वृत्तपत्रे मात्र घनघोर लढाईच्या बातम्या छापीत होती. बांबोळी बंद पडल्याने खोटे ठरवायलाही कोणी उरले नव्हते. सुरक्षा समितीत १८ तारखेलाच भारताविरुद्ध ठराव आला. सात मते त्याच्या बाजूने, चार विरुद्ध. रशियाच्या नकाराधिकाराने तो पडला. लंडन-न्यूयॉर्कच्या प्रमुख पत्रांनी झोड उठवली ती मुख्यतः नेहरूंवर: जगाला शांततेचा उपदेश करणाऱ्यानेच शस्त्र उचलले, असा एकंदर सूर. साडेचारशे वर्षांच्या राज्याबद्दल चार ओळी, आणि छत्तीस तासांच्या कारवाईबद्दल रकानेच्या रकाने. आफ्रिकेतल्या आणि अरब देशांतल्या वृत्तपत्रांनी आनंद केला. त्यांच्या पुढाऱ्यांनी तर ऑक्टोबरमध्येच दिल्लीला येऊन भारताने आता थांबू नये असे सांगितले होते. पण जगाचे मत म्हणून जे मोजले जाते, ते तेव्हा त्या पत्रांतून मोजले जात नसे.

दोष सगळा परक्यांचा, असे मात्र मी म्हणणार नाही. त्या डिसेंबरात आपल्या वृत्तपत्रांनीही सीमेवरच्या लहानसहान घटना फुगवून छापल्या. गोव्यात गेलेल्या परदेशी बातमीदारांना तेथे शांतता दिसली, आणि त्यांनी आपल्या खऱ्या तक्रारीही खोट्यांत जमा केल्या. कुन्हांच्या कोरड्या, मोजूनमापून लिहिलेल्या पुस्तिका तेव्हा दिल्लीच्या वकिलातींनी गठ्ठ्यांनी वाटावयास हव्या होत्या. चौदा वर्षे वाटाघाटी, अर्ज, नाकेबंदी आणि सत्याग्रह यांत गेली, हे ज्याने ऐकलेच नाही त्याला १८ तारखेची सकाळ आभाळातून पडल्यासारखी वाटली, तर त्याचे नवल काय?

एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती झाली, पेनिशच्या कोठड्या उघडल्या, आणि त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी नव्या सरकारने गोवा भारताचा असल्याचे करारावर मान्य केले. त्या किल्ल्यात आता प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. कुन्हांचे अवशेष १९८६ साली मुंबईहून आणून पणजीच्या आझाद मैदानातल्या स्मारकात ठेवण्यात आले. त्यांच्या विखुरलेल्या लेखांचा आणि पुस्तिकांचा ‘गोवाज फ्रीडम स्ट्रगल’ हा इंग्रजी संग्रह मुंबईच्या स्मारक समितीने काढला, तो १९६१ साली; त्याच वर्षी, ज्याच्या डिसेंबरात सांबऱ्याची म्हैस दावे तोडून पळाली.